नीलाताईंचा आलेख

बहारीनमधल्या मराठी मंडळींनी मनाम्यात सावनीच्या घरी तिच्या वडिलांचा सत्कार ठेवला होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ सदानंद करंदीकरांनी बनवलेला, हृदयाची नोंद ठेवणारा पट्टा कित्येक देशांत वापरतात. "बाबा, आईचाच आलेख दाखवा ना," सावनी म्हणाली. नीलाताई आतून पट्टा बांधून आल्या आणि सदानंदरावांच्या मोबाईलवर आलेख उमटला. त्यात जुन्या हार्ट अटॅकची खूण होती. "तुझ्या छातीत कधी दुखलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं. "पट्ट्याच्या चाचण्या चालू होत्या तेव्हा. मी सांगितलं होतं. ॲसिडिटी असेल, म्हणालात." त्या दिवसांत ते अनोळखी माणसांची हृदयं तपासत होते. "काय म्हणतोय रिपोर्ट?" कुणीतरी विचारलं. "अगदी नॉर्मल," नीलाताईच हसून म्हणाल्या आणि टाळ्या वाजल्या. सदानंदरावांनी शाल उतरवली. "नॉर्मल नाही," ते मान खाली घालून म्हणाले. "हिला मी कधी तपासलंच नाही."