बिनवासाचं पाणी

“ब्रोमिनला वास येत नाही,” गिरीश तिसऱ्यांदा म्हणाला. “क्लोरिन नाकात जातं, डोळे चुरचुरतात. ब्रोमिन महाग आहे आणि उन्हात टिकत नाही, हे मान्य. पण आपला स्विमिंग पूल छपराखाली आहे. इथं ऊन लागतंय कुठं?”

आखातातल्या मदिनत खलीफामधल्या त्या व्हिला कंपाउंडची पूल कमिटी शुक्रवारी सकाळी काठावर उभी होती. कमिटी म्हणजे तिघं. सेक्रेटरी गिरीश, केमिकल इंजिनियर. दातांची डॉक्टर निदा, मूळची रत्नागिरीची. आणि आयटीतला कुणाल. तिघंही मराठी निघाल्यामुळे कामकाज मराठीतच चालायचं आणि पूल सांभाळायला एजन्सीनं पाठवलेल्या जहूरला त्यातलं काही कळायचं नाही. तो पलीकडच्या टोकाला जाळीनं पाण्यावरचा कचरा काढत होता.

पाण्यात गिरीशचे वडील होते. आबासाहेब, निवृत्त तहसीलदार, छातीभर पाण्यात दांडी धरून उभे. गुडघे गेलेले. जमिनीवर दोन पावलं टाकताना देव आठवायचा, पाण्यात मात्र काठीशिवाय अर्धा तास चालायचे. नाशिकला प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून लघवीवर ताबा राहिला नव्हता. घराबाहेर हे फक्त जहूरला ठाऊक होतं.

क्लोरिनच्या पाण्यात लघवी मिसळली की उग्र वास सुटतो, ब्रोमिनच्या पाण्यात तसा सुटत नाही. पाणी तेच, घाण तीच, फक्त नाकाला पत्ता लागत नाही. बापाला ‘घरी बसा’ म्हणायची गिरीशची हिंमत नव्हती, म्हणून हा शहाणा रसायन बदलायला निघाला होता. बिंग फुटलं तर आबासाहेबांचं पाणी बंद होणार होतं आणि अख्ख्या कंपाउंडात शोभा होणार होती.

“पण मला एक सांगा,” निदा म्हणाली. “सगळीकडे क्लोरिनच असतं. मग आपल्याच पुलाला एवढा वास का?”

कुणाल मोबाइलमध्ये डोकं घालून होता. सापडलं ते मोठ्यानं वाचून दाखवायची त्याला खोडच होती. “इथं लिहिलंय, हा वास नुसत्या क्लोरिनचा नसतोच. पाण्यात कुणी लघवी केली की येतो.” तो हसला. “म्हणजे कुणीतरी इथंच उरकतंय.”

“मुलं असतील,” गिरीश घाईनं म्हणाला.

“मुलं संध्याकाळी येतात. वास सकाळी असतो.” निदाचा आवाज बदलला. “सकाळी कोण असतं?”

उत्तर समोर छातीभर पाण्यात उभं होतं. कुणालची नजर तिकडं वळायला लागली. आबांना आजार आहे, एवढंच गिरीशला म्हणायचं होतं.

“जहूर,” तो म्हणाला. “सकाळी सगळ्यांच्या आधी येतो. साफसफाई करताना पाण्यात उतरतो.”

स्वतःचं नाव ऐकून जहूरनं मान वर केली. काही काम असेल असं वाटून तो जाळी ठेवून लगबगीनं आला आणि हसत उभा राहिला. महिन्यापूर्वी यानंच गिरीशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “साहब, बुजुर्ग आदमी हैं, हो जाता है. मैं किसी से नहीं कहूँगा.” तेव्हापासून तो रोज पायऱ्या घासत होता आणि क्लोरिन जास्तीचं टाकत होता.

“नुसत्या संशयावर नको,” निदा म्हणाली. “माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर खात्री हवी. आबासाहेब, तुम्ही रोज असता. तुम्ही काही पाहिलंत का?”

आबासाहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आधी जहूरकडं पाहिलं, मग निदाकडं. जन्मभर लोकांचे जबाब घेतलेला माणूस. आकडा सांगितला की जबाब खरा वाटतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“दोनदा,” ते म्हणाले. “त्या पायऱ्यांपाशी.”

जहूर अजून हसतच होता.

निदानं त्याला हिंदीत सांगितलं. त्याचं हसू जायला वेळ लागला. त्यानं गिरीशकडं पाहिलं. गिरीश हातातलं ब्रोमिनचं माहितीपत्रक वाचत होता.

“बाबाने देखा?” जहूरनं विचारलं.

“हाँ. दो बार,” कुणाल म्हणाला.

खरं बोलून काय होणार, हे जहूरला तिथल्या इंजिनियरपेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं पंपाच्या खोलीची किल्ली निदाच्या हातात दिली आणि निघून गेला.

“खलास,” कुणाल म्हणाला. “एजन्सीला मेसेज टाकतो.”

“मग आता ब्रोमिन कशाला?” निदा म्हणाली. “वासाचं कारणच गेलं. क्लोरिनच राहू दे. दोन दिवसांनी सकाळी मी स्वतः येऊन बघते, वास गेला की नाही ते.”

ती दोघं गेल्यावर गिरीश काठाशी उकिडवा बसला. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

“आबा, वास येणार. दोन दिवसांनीही येणार. आता काय करायचं?”

आबासाहेबांनी पंपाच्या खोलीकडं पाहिलं.

“एजन्सी दुसरा माणूस पाठवेल ना?”

“उद्याच पाठवेल.”

“मग झालं तर,” आबासाहेब म्हणाले, आणि दांडी सोडून पाण्यात चालू लागले.