नसलेला क्लच

“चमचाभर पेट्रोल वाचवायला जीव टांगणीला!” मागच्या सीटवर आई पुटपुटली. उतार लागताच बाबांनी माझी ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलला टाकली होती. आयुष्यभर ट्रक असेच उतरवलेले. ही गाडी त्यांनी दोनदा फाटकाला घासली, तरी घरात स्पष्ट बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. “बाबा, गिअरमध्ये घ्या, ब्रेक तापतील,” मी म्हटलं. “मला शिकवतेस?” वळणाआधी जळका वास आला. ब्रेक तळाशी गेला, तरी गाडी थांबेना. बाबांचा डावा पाय नसलेला क्लच शोधत होता. मी त्यांच्या हातासकट दांडा खालच्या गिअरला ओढला. गिअरबॉक्स किंचाळला. गाडी हिसका खाऊन मंदावली, कठड्याला टेकून थांबली. माझ्या मुठीतून हात सोडवत बाबांनी विचारलं, “गिअरबॉक्स गेला का गं?” “गिअरबॉक्स नवा मिळेल,” आई म्हणाली. “अहो, चावी लेकीला द्या. यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही.”