लिंडनफेल्डची हरकत

युस्टिना डिक सकाळपासून एकच वाक्य घोकत होती, "आमची मंडळी बंद करू नका." पंचाहत्तरी उलटली तरी भर सभेत ती कधी बोलली नव्हती. पण कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या अकरा मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चं, होत्या; त्यांच्या या वार्षिक सभेला लिंडनफेल्ड गावाकडून यंदा ती एकटीच आली होती. तिथे उरले होते जेमतेम चौघे. त्यांतला म्हातारा पेटर एप काठी टेकत टेकत चर्चपर्यंत तरी पोचायचा. साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या मंडळीत त्याला कोण नेणार? "मी बोलते, पेटर," असा शब्द तिने दिला होता.

तिचं नशीबच खोटं, इथे कुणी वाईट वागेना. तिने भाजून आणलेले झ्वीबाक, एकावर एक बसवलेले ते लोण्याचे गोल पाव, जेवणाआधीच फस्त झाले.

"मावशी, शेवटचा मीच पळवला," अध्यक्ष कॉर्नी पेनर तोंडावरचा भुगा पुसत म्हणाला. "असे पाव आता कुणाला जमतात हो!"

"खा रे बाबा," ती म्हणाली. याच्याशी भांडायचं तरी कसं?

मग कॉर्नीने ठराव वाचला. लिंडनफेल्डची मंडळी महिनाअखेर बंद. हात वर करून मोजायची इथे रीत नाही. मतं मोजली की भाऊबंदकी सुरू होते, अशी या लोकांची समजूत.

"मिनिटभर शांत बसू या," कॉर्नी म्हणाला. "प्रभूने कुणाच्या मनात हरकत घातली असेल, त्याने या शांततेतच बोलावं."

युस्टिनाने डोळे मिटले. प्रभू, मला आवाज दे. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण माणसं प्रार्थनेत असताना तोंड उघडायचं नाही, हे आईने तिला मांडीवर असल्यापासून शिकवलेलं. आधी दुसरं कुणी नुसतं खाकरलं असतं तरी तिला धीर आला असता. कुणी खाकरलंही नाही.

"आमेन. सगळे एका मनाचे. प्रभूची कृपा."

"थांब, कॉर्नी," म्हणत ती धडपडत उठली. पण तिच्याबरोबर सगळी सभाच उठली. निर्णय झाला की उभं राहून गायचं, ही इथली जुनी रीत.

गाणं सुरू झालं, वाद्यांशिवाय, चार सुरांत. बायकांचा खालचा सूर आज फार कच्चा होता. दुसऱ्या ओळीला तो पार डळमळला आणि युस्टिनाचा आवाज आपसूक लागला. साठ वर्षांची सवय, दुसरं काय! तिला स्वतःचा संताप आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण सूर काही हलला नाही.

गाणं संपलं. मागच्या बाईने तिचा खांदा दाबला.

"मावशी, लिंडनफेल्ड होतं म्हणून गाणं सावरलं बघा."