बोटभर फट

माणसाच्या जिवापेक्षा मोठं काही नाही, असं आमच्या गोदामाच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. वाचायचं असेल तर पुढची खोकी हलवावी लागतात.

मेकॅनिकने फोर्कलिफ्ट जॅकने उचलली, चौकटीखाली लाकडी ठोकळे ठेवले आणि भार त्यांच्यावर यावा म्हणून जॅक उतरवून बाजूला काढला. फोर्कलिफ्ट खाली आलीच नाही. चारही ठोकळ्यांच्या वर बोटभर फट राहिली.

"अडकली असेल कुठेतरी," फोरमन म्हणाले.

"हवेत कशाला अडकणार, साहेब?"

मागच्या वर्षी फोरमनच्या घाईपायी मेकॅनिकचा थोरला भाऊ ठोकळे न लावताच याच गाडीखाली शिरला होता आणि जॅक सटकून चिरडला गेला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे दोन्ही हात वर रेटलेलेच होते.

मेकॅनिक फटीशी वाकला. "दादा, दमला असशील. सोड आता. खाली ठोकळे लावलेत, बघ."

ओझ्याखालच्या दंडासारखी गाडी थरथरली. खाली मात्र आली नाही.

फोरमननी घाम पुसला आणि घड्याळ पाहिलं. "धरलीय तोवर उरकून घे."

मेकॅनिक डोळे मिटून खाली शिरला. त्या दिवशी तेल बदललं, फिल्टरही बदलला.