फाटकावरचे आजोबा

मुलांनो, समजा तुमच्या घराच्या फाटकावर तुमच्या आजोबांचा फोटो आहे. आज सकाळीच आजीने पिठाच्या खळीने चिकटवलेला. आणि एक अनोळखी बाई तो नखांनी खरवडते आहे. तुम्ही काय कराल? थांबा, आत्ताच सांगू नका. आधी दाफिनाकडे बघा. ती आपल्या आजीच्या शेजारी उभी आहे. अंगात लाल भरतकामाचा झगा आहे, तोही सरकारी गाडीतून आलेला.

"बाई, तो माझा नवरा आहे," स्तोयना आजी म्हणाली.

"आजी, तासाभराचा तर प्रश्न आहे." पर्यटन खात्याच्या पावलीनाबाईंनी वळूनही पाहिले नाही. "उपमंत्रीसाहेब येतायत. जाहिरातीचं नाव काय? 'जिवंत डोंगर'. आणि तुमच्या इथं फाटकाफाटकावर मेलेली माणसं!"

"मग जिवंत आणा की कुठूनतरी. आमच्याकडं आहेत ती हीच."

खोटे नव्हते ते. बल्गेरियाच्या त्या डोंगरात माणूस गेला की काळ्या चौकटीतला त्याचा फोटो फाटकावर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने आणखी एक. खाण बंद पडल्यावर तरुण माणसे जर्मनीला गेली, म्हातारी एकेक करून फाटकावर गेली. आता पाहुणे आले तरच प्रांताची तिजोरी भरणार, असे सरकारने ठरवले होते. म्हणून सकाळपासून गल्लीतली फाटके खरवडून निळी रंगवणे चालू होते.

"आणि ते उकडलेले गहू उद्या वाटा," पावलीनाबाई म्हणाल्या. "आज कॅमेऱ्यासमोर श्राद्ध नको."

"चाळिसावा दिवस उद्या नसतो, बाई!" आजीचा आवाज फाटला. "चाळीस दिवस माणूस घराभोवती घुटमळतो. आज वाटेनं जाईल त्याला गहू द्यायचे, त्यानं 'देव क्षमा करो' म्हणायचं, की तो सुटतो. आमच्या गेंचोला तुमच्या जाहिरातीसाठी ताटकळत ठेवू?"

"आजी, रस्ता हवाय ना गावाला? दवाखाना हवाय ना? मग जरा हसा!"

आजीने हातातला खळीचा ब्रश पायरीवर आपटला.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. पावलीनाबाईंनी उरलेला कागद ओरबाडून काढला आणि मुठीत चुरगाळला. फाटकावर आजोबांचा एक कान तेवढा राहिला. बाईंनी दाफिनाच्या हातात पाव आणि मिठाचे तबक दिले. "पाहुण्यांपुढं धरायचं, हसायचं, 'आमच्या डोंगरात या' म्हणायचं. कळलं ना, सोन्या?"

दाफिनाने आजीकडे पाहिले. आजी रडत नव्हती. रागाने ती त्या उरलेल्या कानाकडे बघत होती.

उपमंत्री गाडीतून उतरले. कॅमेरा सुरू झाला. दाफिनाने तबक कुंपणावर ठेवले, ती घरात पळाली आणि बाहेर आली ती गव्हाचे पातेले घेऊन.

"अगं, हे नाही!" पावलीनाबाई कुजबुजल्या.

दाफिनाने चमचा भरून उपमंत्र्यांपुढे धरला. "गेंचो आजोबांसाठी," ती म्हणाली. ती हसली नाही.

उपमंत्र्यांचे सवयीचे हसू मावळले. तेही कुठल्यातरी गावच्या बाईचेच लेक होते. डोक्यावरची टोपी आपोआप खाली आली, उघडा तळहात पुढे झाला.

"देव क्षमा करो त्यांना," ते म्हणाले. गहू तोंडात टाकताना त्यांची नजर फाटकावरच्या त्या कानावर गेली. "कागद कुठाय यांचा?"

पावलीनाबाईंनी चुरगाळलेल्या कागदावरची मूठ आणखी घट्ट आवळली.

"साहेब, आपण हा शॉट परत घेऊ या," त्या घाईने म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मेलेल्याचे गहू नाकारायचे नसतात, हे पावलीनाबाईंनाही ठाऊक होते. आणि ते उघड्या हातावरच घ्यायचे असतात.

दाफिना त्यांच्याकडे वळली, चमचा पुन्हा काठोकाठ भरला आणि त्यांच्या मिटलेल्या मुठीसमोर धरून उभी राहिली.