न दिसणारं चिन्ह

"हे चिन्ह 'मनाई'त टाकूया आणि जेवायला जाऊया," अध्यक्ष म्हणाले.

जगभरच्या संगणकांनी खात्यांच्या नावांत कोणती अक्षरं घ्यायची, हे ठरवणारी ती समिती. प्रत्येक अक्षराला वर्ग द्यायचा: चालेल, मनाई, किंवा जागा पाहून चालेल. आत्ताचं चिन्ह पडद्यावर दिसतच नव्हतं. दोन अक्षरांना धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

"माझी हरकत आहे," लिपीवाली म्हणाली. चिन्ह तिच्या लिपीतलं; तिची भाषा बोलणारं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"अगं, पुन्हा?" समोरून काका म्हणाले. सुरक्षेचं काम बघणाऱ्या त्या म्हाताऱ्याला अध्यक्षही काकाच म्हणत. "उद्या कोणी हे चिन्ह घुसवून हुबेहूब तुझ्या नावाचं खातं काढेल, मग माझ्याकडेच रडत येशील."

"ज्या अक्षरांना ते लागतं, तिथेच चालू द्या. बाकी सगळीकडे अडवा. चोर येतो म्हणून काय दारच चिणायचं, काका? माझ्या आईचं नाव त्याच्याशिवाय तुटतं. दवाखान्याने समितीचा हा मसुदा आधीच लावलाय. ती स्वतःचं नाव लिहिते, यंत्र म्हणतं, चुकीचं."

"आईंना सांगा, थोडं जुळवून घ्या," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाव तिचं आहे. जुळवून यंत्राने घ्यावं."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला, हुंकार घेऊ."

इथे हात वर करत नसत. ओठ मिटून हुंकार द्यायचा. कोणी दिला ते कळू नये, जोर तेवढा कळावा. आणि हुंकार चालू असेपर्यंत अध्यक्षांनी निकाल सांगायचा नाही. हा नियम कधी कोणाला आठवायची वेळच आली नव्हती.

"मनाईच्या बाजूने?"

खोली घुमली. काकांचा खर्ज त्यात होताच.

"विरोधात?"

ती उठून उभी राहिली. एकच बारीक, सरळ आवाज. श्वास संपला, अध्यक्षांनी तोंड उघडलं, तोवर तिने पुन्हा सुरू केलं.

"अहो, कळलं. एकटाच आवाज आहे."

ती थांबली नाही. कोणी हसलं. कोणी वैतागून लॅपटॉप मिटला. शेजारच्या खोलीतली माणसं जेवून परतली. तिचा आवाज चिरकायला लागला, तरी मान ताठच होती.

काकांनी पेल्यात पाणी ओतलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

"घोट घे," ते म्हणाले आणि त्यांनी ओठ मिटले.

ती पाणी प्याली. तेवढा वेळही खोलीतला हुंकार थांबला नाही.