फेरफार

संहितानं लायडनमध्ये एका डच मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पाच वर्षांनी हरिहरराव पुण्याहून एकटेच आले, ते तिला पीएच.डी. मिळणार म्हणून. जुना विषय दोघांनीही काढला नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझ्या प्रबंधातला तो राजा. त्यानं नेमकं केलं काय?"

तिनं सांगितलं. इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षं यादवी चालली होती. मग दुसरा हेन्री गादीवर आला. सरदारांनी परवानगीशिवाय बांधलेले किल्ले त्यानं पाडले. आपले आजोबा, आधीचे राजे, वारले त्या दिवशी जी जमीन ज्याची होती ती त्याचीच, असं ठरवलं. यादवीच्या काळातल्या, मधल्या राजानं दिलेलं काही जमेस धरलं नाही.

"म्हणजे मधले सगळे फेरफार रद्द," हरिहरराव म्हणाले. ते तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते.

"हो. ती वर्षं झालीच नाहीत असं धरून त्यानं कारभार सुरू केला." संहितानं त्यांचा कप पुन्हा भरला. "आपल्यालाही तसं करता येईल, बाबा."

दारात तिची तीन वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या आजोबांकडे टक लावून बघत होती.

"नाही जमायचं," हरिहरराव म्हणाले. "मग हिची नोंद कुठे करायची?"

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.